पात्सेकबाईंच्या नावानं

हायो क्लोस्टर सत्तरीला टेकला होता आणि आयुष्यभर त्यानं एकच काम मनापासून केलं होतं, ते म्हणजे आवाज. तीस वर्षं तो 'ग्रुबेनहुंड' या रॉक बँडचा ड्रमर होता. ग्रुबेनहुंड म्हणजे खाणीतून कोळसा वर आणायचा लोखंडी डबा. बँडमधले चौघंही खाणकामगारांची पोरं, त्यामुळं नाव शोधायला त्यांना लांब जावं लागलं नव्हतं. हेर्नेपासून हँबुर्गपर्यंत त्यांनी सभागृहं, मैदानं, तंबू आणि एकदा तर गुरांच्या बाजाराची शेडसुद्धा दणाणून सोडली. आता बँड उरला नव्हता. गायक वारला, गिटारवाला मुलीकडं बव्हेरियात राहायला गेला, आणि हायो हेर्नेतल्या खाणकामगारांच्या वस्तीत, बापाच्या विटांच्या घरात परत आला. खाण केव्हाच बंद पडली होती, घरं तेवढी राहिली होती.

वस्तीला त्याचं कौतुक फार. कोपऱ्यावर जेमालची टपरी होती. तिथं सिगारेटच्या पाकिटांच्या वर हायोचा जुना फोटो लावलेला होता: केस खांद्यापर्यंत, अंग घामानं निथळतंय, दोन्ही हात हवेत. नवं गिऱ्हाईक आलं की जेमाल बिअरची बाटली पुढं सरकवत सांगायचा, "हा आपला हायो. बारा नंबरात राहतो. सकाळी पाव न्यायला माझ्याकडंच येतो."

पण जेमालला एक गोष्ट ठाऊक नव्हती. कुणालाच ठाऊक नव्हती. हायोचे कान कामातून गेले होते. सरळ बहिरा झालो असतो तर सुटलो असतो, असं त्याला वाटायचं. बहिरेपण आलं नव्हतं. कानात दिवसरात्र एक बारीक शिट्टी वाजत राहायची, आणि बाहेरचा कुठलाही ठोका, दार आपटल्याचा, पातेलं पडल्याचा, थेट मेंदूत घुसायचा. डॉक्टरनं त्याचा व्यवसाय विचारला, उत्तर ऐकलं आणि नुसती मान हलवली. ड्रमरला ड्रम सोसवत नाही, ही गोष्ट चारचौघांत सांगायची कशी? हायोनं ती चोरीच्या मालासारखी दडवून ठेवली. टपरीवर कुणी पाठीत थाप मारून "काय उस्ताद!" म्हणालं की तो दात काढायचा आणि मनातल्या मनात कळवळायचा.

त्याच्या डाव्या भिंतीपलीकडं सिल्के राहायची. बाई ट्राम चालवायची. पोरं मोठी होऊन गेलेली, नवरा तिनं स्वतःच घालवलेला. पन्नासावा वाढदिवस आला की लोक समुद्रकिनारी जातात. सिल्केनं जुना ड्रमसेट विकत घेतला.

"तुझ्यामुळं घेतला बघ," ती कुंपणावरून म्हणाली. "शाळेत होते तेव्हा डॉर्टमुंडला तुमच्या कार्यक्रमाला आले होते. घरी येऊन आईची सगळी पातेली चेपवली. तेव्हापासनं मनात होतं."

"अरे वा," हायो म्हणाला.

"मला शिकवशील?"

"आधी हात तर बसू दे. मग बघू."

"भिंतीला भिंत लागून आहे आपली. त्रास झाला तर सरळ सांगायचं हं. मी काय रागवणार नाही."

"त्रास? मला?" हायो छाती काढून म्हणाला. "अगं बाई, मी ड्रमर आहे!"

दोघंही खो खो हसले. ते हसणं हायोला फार महागात पडलं.

सिल्के पहाटेची पाळी करून दुपारी घरी यायची आणि जेवण झालं की तळघरात उतरायची. आता, दुपारी एक ते तीन या वेळात त्या वस्तीत कुणी गवत कापत नाही, भिंतीत खिळा ठोकत नाही, रिकामी बाटलीसुद्धा कचऱ्यात आवाज करून टाकत नाही. ही विश्रांतीची वेळ भाड्याच्या करारात लिहिलेली आहे, आणि नसती लिहिली तरी लोकांनी पाळली असती. पण सिल्केनं आधी सगळ्यांना विचारलं होतं, आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं: हायोला चालतंय ना, मग आमची काय हरकत? थोडक्यात, सगळ्या वस्तीची परवानगी हायोच्या त्या एका फुशारकीवर उभी होती.

सिल्के वाजवायला लागली. मोठ्या ड्रमचा ठोका भिंतीतून येऊन हायोच्या दाढेत बसायचा. तो स्वयंपाकघरातून माडीवर जायचा, माडीवरून न्हाणीघरात, डोक्यावर उशी दाबून टबात बसायचा. त्यातून बाई एका ठरावीक जागी लय पळवायची, दरवेळी, अगदी त्याच जागी. दुखण्यापेक्षा हे जास्त दुखायचं. आणि खरं सांगायचं तर त्याहूनही जास्त दुखायचं ते तिचं हसणं. चुकली की ती एकटीच खदखदून हसायची आणि पुन्हा सुरू करायची. हायोला असं हसू येऊन किती वर्षं झाली होती, ते त्याला आठवत नव्हतं. तो तिच्यावर जळत होता.

तिची बेल वाजवायची, आत जायचं आणि म्हणायचं, 'पोरी, माझे कान गेलेत.' एवढंच करायचं होतं. त्याऐवजी एका मंगळवारी दुपारी हायोनं घरं भाड्यानं देणाऱ्या सोसायटीच्या कचेरीत फोन लावला.

"दहा नंबरात ड्रम वाजतात," तो म्हणाला. "विश्रांतीच्या वेळेला. रोज."

"आपलं नाव?" पलीकडच्या माणसानं विचारलं.

आपलं नाव! हायोच्या तोंडचं पाणी पळालं. फोन ठेवून द्यावा हेही सुचलं नाही.

"मी... मी दुसऱ्यांच्या वतीनं बोलतोय. चौदा नंबरच्या पात्सेकबाई. एकट्या असतात. वय झालंय त्यांचं. दुपारी डोळ्याला डोळा लागत नाही बिचारीच्या."

"पात्सेकबाई होय," माणूस म्हणाला. तो हसल्यासारखं वाटलं. "बघतो मी."

पात्सेकबाई हायोच्या उजव्या भिंतीपलीकडं राहायच्या. नव्वदी ओलांडलेल्या. त्यांचंच नाव का आलं, याला कारण होतं. ते नाव हायोच्या जिभेवर तीस वर्षं तयार बसलेलं होतं.

झालं होतं असं की हायो सोळा वर्षांचा असताना बापाच्या तळघरात कोळशाच्या ढिगाशेजारी ड्रम मांडून बसायचा. एकदा ऐन दुपारी तो वाजवत होता आणि जिन्यावरून पोलीस खाली उतरला. पोलिसानं त्याच्या हातातल्या काड्या काढून घेतल्या, आई दारात रडत उभी राहिली, आणि गल्ली कुंपणांवर गोळा झाली. फोन कुणी केला हे विचारायची गरजच पडली नाही. शेजारी खिडकीत पडदा हलला होता. पडदा पात्सेकबाईंचा.

पुढं बँड झाला आणि या प्रसंगाचं गाणं झालं, 'तळघरात पोलीस'. ग्रुबेनहुंडचं तेवढं एकच गाणं रेडिओवर वाजलं आणि त्याच्यावर चौघांनी तीस वर्षं काढली. गाण्याआधी हायो ड्रम सोडून पुढं यायचा, माईक हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "हे गाणं आमच्या शेजारच्या पात्सेकबाईंना अर्पण! बाई, पडदा सोडा, फोन ठेवा!" की सगळं सभागृह ओरडायचं, "फोन ठेवा!" पोलीस आला तेव्हा पात्सेकबाई चाळिशीच्याही नव्हत्या. गाण्यात मात्र त्या पहिल्या कडव्यापासून म्हाताऱ्या झाल्या होत्या.

दोन दिवसांनी सिल्के कुंपणाशी आली. "बंद केलं बाबा मी वाजवणं," ती म्हणाली.

"का?" हायोनं विचारलं. फोन केला त्यापेक्षा या 'का'ची त्याला नंतर जास्त लाज वाटली.

"सोसायटीतनं फोन आला. नाव सांगेना गडी. मी म्हटलं, वय झालेलं माणूस आहे का? तर म्हणे, तसं समजा. म्हटलं, पडद्याआडून बघणारं? तर हसायलाच लागला."

हायोनं नाव तिलाच घेऊ दिलं.

"पात्सेकबाई!" सिल्के म्हणाली. "अरे, मी तिला विचारायला गेले होते आधी! माझा हात हातात घेऊन मान डोलवली म्हातारीनं. तोंडावर गोड, आणि पाठ फिरली की फोन. तुझ्या गाण्यात आहे तश्शीच आहे बघ, पन्नास वर्षांत काडीचा फरक नाही."

"जाऊ दे," हायो म्हणाला. "म्हातारं माणूस."

"तुझं मन मोठं आहे," सिल्के म्हणाली आणि आत गेली.

त्या वस्तीत कुणी कुणाशी भांडत नाही. नमस्कार बंद करतात, बस्स. पात्सेकबाई चाकांच्या वॉकरवर रेलून फाटकाशी उभ्या राहायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघून हसायच्या, आणि माणसं खिशात किल्ली शोधत निघून जायची. जेमाल रोज सकाळी त्यांच्या दाराच्या कडीला दोन गरम पावांची पिशवी अडकवून जायचा, बाईंचे गुडघे गेल्यापासून. ती पिशवी यायची थांबली.

"म्हातारीला टपरीपर्यंत यायला पाय दुखतात," जेमाल म्हणाला. "फोन फिरवायला बोटं बरी चालतात."

टपरीवरची सगळी हसली. हायोही हसला. त्याच्या हातात त्याच्या पावांची पिशवी होती, आणि ती गरम होती.

कचऱ्याच्या गाडीच्या दिवशी बाईंचा डबा कुणीतरी रस्त्यावर ओढून ठेवायचं. आता तो भरून फाटकाआतच उभा राहिला. हायो त्या सकाळी बाहेर आला, डब्याच्या दांड्याला त्यानं हात घातला, तेवढ्यात सिल्केचं दार उघडलं. हायोनं हात काढून घेतला आणि आपल्याच डब्याचं झाकण उगाच उघडून बंद केलं. आपण किती खालच्या दर्जाचं माणूस आहोत हे त्याला तेव्हा स्वच्छ दिसलं. पण दिसणं वेगळं आणि सुधारणं वेगळं.

त्याच दुपारी पात्सेकबाईंनी त्याला हाक मारली. "हायो! जरा येतोस का रे आत?" केवढ्यानं ओरडल्या! हायोच्या कानात कळ गेली.

त्यांच्या स्वयंपाकघरात मेणकापडाचं टेबल होतं, खिडकीला तोच पडदा होता. बाईंनी कॉफी ओतली. अर्धी बशीत गेली.

"किती दिवसांनी आलास," बाई पुन्हा ओरडल्या.

"कसं चाललंय, पात्सेकबाई?" हायोनं विचारलं.

"काय?"

"बऱ्या आहात ना?"

"मोठ्यानं बोल रे. हिवाळ्यापासनं काहीच ऐकू येत नाही मला. ऐकायचं यंत्र दिलंय डॉक्टरनं, ते पडलंय खणात. त्यात सारखी शिट्टी वाजते, वेड लागायची पाळी येते. तुला नाही कळायचं ते."

हायोचा कप हातातच राहिला. या बाईला ऐकूच येत नव्हतं. सिल्केनं घरात तोफा डागल्या असत्या तरी ही खुशाल झोपली असती. सिल्के विचारायला आली तेव्हा तिनं मान डोलवली, ती काही न कळल्यामुळं. आणि हे वस्तीत कुणालाच माहीत नव्हतं, कारण तिच्याशी दोन वाक्यं बोलायला कुणी थांबतच नव्हतं.

"एक विचारू?" बाई पुढं वाकून म्हणाल्या. "खरं सांगशील? मी काही केलंय का रे? लोक माझ्याशी बोलत नाहीत. जेमाल पाव ठेवत नाही. माझ्याकडनं काही चुकलं असेल तर मी माफी मागते, पण काय चुकलं ते तरी कळू दे."

आता सांग, हायो. दार बंद आहे, तिसरं माणूस नाही. आता नाही सांगायचं तर कधी?

"लोक कामात असतात," हायो म्हणाला.

"काय?"

"कामात! लोक कामात असतात!" खोटं बोलायचं आणि तेही ओरडून, दोनदा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"असं," बाई म्हणाल्या. त्यांचा विश्वास बसला नव्हता. "मला वाटलं, ते गाणं परत लागलं की काय रेडिओवर."

हायोनं मान खाली घातली.

"माझी बहीण एसेनला असायची. तिनं ऐकलं पहिल्यांदा. म्हणाली, ट्रुडे, अगं हे तुझं नाव काय घेतात! मी म्हटलं, घेऊ दे, पोराचं पोट भरतंय त्याच्यावर. पण आज इथं बसलायस तर सांग, तुला खरंच वाटतं मी पोलिसाला फोन केला?"

"नव्हता केला?" हायोच्या तोंडून निघालं. बाईंनी ओठांवरून ओळखलं असावं.

"कुठनं करणार? माझ्याकडं फोन होता का? टपरीवर तरी होता का तेव्हा? अख्ख्या गल्लीत एक फोन. खाणीत काही झालं तर बोलवायला म्हणून मुकादमाच्या घरात बसवला होता कंपनीनं. आता मुकादम कोण होता, ते तुला मी सांगायला नको."

मुकादम हायोचा बाप होता. रात्रपाळी करून सकाळी यायचा, तोंड धुतलं तरी पापण्यांत कोळसा राहायचा, आणि दुपारभर माडीवर झोपायचा प्रयत्न करायचा. पोलीस आला त्या दिवशी बाप खाली उतरला नव्हता. हायोला आजवर वाटत आलं होतं की बाप झोपलेला होता. गल्लीतला एकुलता फोन आपल्याच घरात होता, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"मला कधीच कसं नाही सांगितलं तुम्ही?" त्यानं ओरडून विचारलं.

"बापाबद्दल पोराला काय सांगायचं? आणि तू विचारलंस कुठं? पुढं दर हिवाळ्यात तुझ्या बापानं माझा कोळसा तळघरात भरून दिला. मरेपर्यंत. माझा नवरा, हाइन्झ, धडधाकट असतानासुद्धा. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. घे, केक घे."

हायोनं केक घेतला आणि खाल्ला. नाही म्हणायचं तोंड त्याला नव्हतं.

घरी आल्यावर तो दारातल्या आतल्या बोळात उभा राहिला. फोनची जुनी फळी अजून भिंतीला होती, तिच्यावर आता छत्र्या ठेवलेल्या. बापानं इथंच उभं राहून, आवाज दाबून, पोटच्या पोरावर पोलीस बोलावला होता. त्याचा राग यायला हवा होता, पण हायोला राग आला नाही. कारण त्या मंगळवारी तो स्वतः इथंच उभा होता, तसाच आवाज दाबून. उलट बाप बरा. बापानं निदान कुणाचं नाव घेतलं नव्हतं. नाव घ्यायचं काम हायोनं केलं होतं, तेव्हाही आणि आताही.

इतकं सगळं कळलं, तरी तो सिल्केकडं गेला नाही. रोज ठरवायचा आणि रोज काहीतरी आड यायचं. ती दमून आली असेल, तिच्याकडं पाहुणे असतील, आज पाऊस आहे. सत्तर वर्षांचा बाप्या आणि एक बेल वाजवायचं धाडस होईना.

मग शनिवारी वस्तीची उन्हाळी जत्रा आली. रस्ता बंद करून लांबच लांब बाकं मांडली होती, निखाऱ्यांवर सॉसेज भाजत होते, प्रत्येक घरानं आपापलं बटाट्याचं सॅलड आणलं होतं आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं बेचव वाटत होतं. टोकाला फळ्यांचा एक मंच होता. घरचं वाजवणं बंद झाल्यापासून सिल्के ट्रामच्या डेपोत सराव करायची; तिथल्याच दोघांबरोबर ती आज वाजवणार होती, पहिल्यांदाच लोकांसमोर. हायोनं दोन शब्द बोलायचे, असं जेमालनं परस्पर जाहीर करून टाकलं होतं.

पात्सेकबाई आल्या. निळा झगा, गळ्यात मण्यांची माळ, वॉकरला अडकवलेली घडीची खुर्ची. मंचाजवळच्या बाकाच्या टोकाला त्यांनी खुर्ची मांडली. बाकावरच्या लोकांनी एकमेकांकडं पाहिलं, बिअर आणायला म्हणून एकेक करून उठले आणि परत आले ते दुसऱ्या बाकावर. बाई त्या लांब रिकाम्या बाकाशी एकट्याच बसून राहिल्या, मांडीवर सॅलडचं भांडं धरून. त्यांनीही सॅलड आणलं होतं.

हायोनं हे सगळं मंचावरून बघितलं.

"चला, उस्ताद!" जेमालनं त्याच्या हातात माईक कोंबला. माईक किंचाळला, हायोचे डोळे मिटले. "बोला, ते आपलं जुनं बोला! आज तर खास माणूसही हजर आहे!"

लोक हसले. कुणीतरी मागून सुरुवात केली, "फोन ठेवा!" आणि मग सगळ्या रस्त्यानं उचलून धरलं, "फोन ठेवा! फोन ठेवा!" टेबलांवर मुठी आपटल्या. सगळी तोंडं पात्सेकबाईंकडं वळली होती.

बाईंना शब्द ऐकू आले नाहीत. त्यांना एवढंच दिसलं की कितीतरी दिवसांनी सगळी वस्ती आपल्याकडं बघून हसतेय. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी हात वर केला आणि सगळ्यांना हलवून दाखवला.

मग मात्र हायोला राहवलं नाही.

"गप्प बसा," तो माईकमध्ये म्हणाला. "बस करा. त्यांनी फोन नाही केला. मी केला."

हसणं एकदम थांबलं नाही. मागच्या बाकांना ही नवी गंमत वाटली.

"सिल्के, तुझी तक्रार मी केली. सोसायटीला मीच फोन लावला आणि नाव यांचं सांगितलं. माझे कान गेलेत. ड्रम सोसवत नाहीत मला. तुला सांगायची लाज वाटली. यांना तर ऐकूच येत नाही. हिवाळ्यापासनं ऐकू येत नाही, आणि आपल्यापैकी एकालाही ते कळलं नाही. आणि तो पोलीस... तोही यांनी बोलावला नव्हता. ते गाणं खोटं आहे."

आता मागच्या बाकांचंही हसणं थांबलं. निखाऱ्यांवर सॉसेजची चरबी तडतडत होती तेवढाच आवाज. सिल्के ड्रमच्या मागं बसली होती. तिनं काड्या मांडीवर ठेवल्या.

"मी तुला म्हटलं होतं," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "त्रास झाला तर सरळ सांग म्हटलं होतं. मी तिच्याकडं बघणं सोडलं, हायो. महिनाभर. तुझ्या सांगण्यावर."

हायोनं माईक खाली ठेवला आणि तो मंचावरून उतरला. घरी जावं, दार लावावं, असं वाटत होतं. पण रिकाम्या बाकाच्या टोकाला बाई अजून हसऱ्या चेहऱ्यानं बसल्या होत्या. त्यांना काहीच कळलं नव्हतं. जिची माफी मागायची तिलाच सोडून सगळ्या गावाला सांगून झालं होतं.

तो त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला.

"फोन मी केला," तो म्हणाला.

"काय?"

"सिल्केची तक्रार! मी केली! तुमचं नाव सांगितलं!"

"कुणाचं?"

"तुमचं! तुमचं नाव!" त्याचा स्वतःचा आवाज त्याच्या कानात सुऱ्या खुपसत होता. आजूबाजूला दोनशे माणसं चिडीचूप बसून दुसऱ्यांदा ऐकत होती. "म्हणून लोक बोलत नाहीत तुमच्याशी! माझ्यामुळं!"

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी एकदा जेमालकडं पाहिलं, एकदा सिल्केकडं. दोघांनीही माना खाली घातल्या. मग त्या हायोकडं वळल्या.

"म्हणजे पाव त्यामुळं बंद झाले," त्या म्हणाल्या. बहिऱ्या माणसाचा आवाज, पार टोकापर्यंत गेला.

हायोनं मान हलवली.

"मी म्हटलं, मरायच्या आधी माझ्याकडनं काय पाप घडलं. रात्र रात्र आठवत बसले होते मी."

हायो रडायला लागला. सगळ्यांसमोर, नाक वाहेपर्यंत. बाईंनी त्याचे डोळे पुसले नाहीत, डोक्यावरून हात फिरवला नाही. त्यांनी सॅलडचं भांडं त्याच्या हातात दिलं आणि वॉकरच्या आधारानं त्या उठल्या.

"चल, घरी सोड मला. खुर्ची घे."

"थांबा ना, पात्सेकबाई," जेमाल धावत आला. "बसा, मी प्लेट आणतो तुमची."

बाईंना ते ऐकू आलं नाही, की त्यांनी ऐकायचं नाही असं ठरवलं, कोण जाणे. त्या चालू लागल्या. एका काखेत खुर्ची आणि दुसऱ्या हातात कुणीही न खाल्लेलं सॅलड घेऊन हायो त्यांच्या मागून निघाला. बाकांवरच्या लोकांनी वाट द्यायला पाय आत ओढून घेतले. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. माणसं खिशात किल्ल्या शोधत होती.

चौदा नंबरच्या फाटकाशी बाई थांबल्या.

"तुझ्या बापाला एवढंसुद्धा जमलं नाही," त्या म्हणाल्या. "जन्मभर कोळसा वाहिला, पण तोंड उघडलं नाही. तो कोळसा आणायचा. तू काय आणशील?"

"पाव," हायो पुटपुटला.

"मोठ्यानं बोल."

"पाव," तो ओरडला. "रोज सकाळी पाव आणीन!"

"दोन," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. मागं रस्त्यावर कुणीही टाळी वाजवली नाही.